बाजरीची मावसबहीण

पंधरा दिवसांतून एकदा आमच्याकडे बागेच्या कामाला एक काका येतात. गाव साक्री रस्त्याला, घरची तीन एकर कोरडवाहू, बोली पक्की अहिराणी. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून येताना मी लालसर गवताच्या चार कुंड्या आणल्या, त्यातली एक तर धुळ्यापर्यंत मांडीवर धरून. एकेक अडीचशे रुपयांची. काकांनी कुंडी गरागरा फिरवून पाहिली, तुरा अंगठ्यानं उलटा चोळला आणि म्हणाले, "ताई, आम्ही पैसा दीसन गवत निंदतस, आनि तुम्ही पैसा दीसन लावतस?" मग जरा थांबून, "हाई ते बाजरीनी जात शे."

मी हसले. रात्री पुस्तक काढून बसले तर काका शंभर टक्के बरोबर. नर्सरीवाला ज्याला पेनिसेटम म्हणतो ते लाल फाउंटन ग्रास आणि आपली बाजरी एकाच वंशातल्या. अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी दोघींना उचलून सेंक्रस वंशात नेऊन बसवलंय, जिथे आपलं अंजन गवत आधीपासूनच होतं. म्हणजे नाव बदललं तरी नातं तुटलं नाही. गंमत अशी की अमेरिकेत २००३ साली ‘पर्पल मॅजेस्टी’ नावाच्या बाजरीला बागेतल्या झाडांसाठीचं सुवर्णपदक मिळालं. नेब्रास्का विद्यापीठात तयार झालेली, पानापासून कणसापर्यंत जांभळी. तिकडची माणसं ती गेटच्या दोन्ही बाजूंना शोभेला लावतात. इकडे आमच्या धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बाजरीवर संशोधन चालतं, तिथून ‘आदिशक्ती’, ‘महाशक्ती’ असे वाण निघाले, पण आपली चर्चा दाणा किती आणि त्यात लोह किती यापलीकडे जात नाही. कणीस दिसतं कसं, हे खानदेशात कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

या गवतांच्या आधी मी लॉनच्या नादी लागले होते. आपल्याकडचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. एप्रिलमध्ये दोन वेळा पाणी, मेमध्ये तीन वेळा, आणि मग एक दिवस बोअर गुळण्या टाकायला लागला. "अहो, टँकर मागवायचा का?" मी विचारलं. "गवतासाठी?" असं म्हणून ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला, तो बराच वेळ खाली घेतला नाही. आठवड्यात लॉनचा पापड झाला. थव्यानं, म्हणजे झुबक्यानं, वाढणाऱ्या गवताचं तसं नाही. एकदा मुळं धरली की उन्हाळ्यातही बुंध्याला आठवड्याला एक बादली पुरते.

मुळं धरेपर्यंत मात्र चुका करायला भरपूर वाव असतो आणि मी तो पुरेपूर घेतला. चारांतल्या दोन कुंड्यांमधली झाडं मी सरळ काळ्या मातीत लावली. श्रावणात झड लागली, आळ्यात चार दिवस पाणी तुंबलं आणि दोन्ही बुडातून कुजली. उपटून पाहिली तर ओल्या चिंधीसारखी हातात आली. उरलेल्या दोघींना काकांनी मुरूम आणि जाड रेती मिसळून वीतभर उंच वरंबा करून दिला. पुढच्या वर्षी मायेपोटी मी चिमूटभर युरिया टाकला. गवत कमरेएवढं झालं आणि पहिल्याच वाऱ्यात लोळलं. बाजरीला जास्त खत दिलं की ती लोळते, हे या जिल्ह्यात शाळकरी पोराला ठाऊक आहे. मला ते अडीचशे रुपयांचं झाड वाटत होतं, बाजरी वाटत नव्हती, तिथंच घोळ झाला.

कापणीबद्दल पुस्तकं सांगतात, हिवाळा संपता संपता कापा. ती पुस्तकं थंड मुलखातली. मी एक वर्ष ऐकलं आणि मे महिन्यात उघडा पडलेला बुंधा भाजून निघाला. आता वाळलेली पाती उन्हाळाभर तशीच ठेवते, त्यांचीच सावली बुडाला होते. रोहिणी सरत आल्या, मृग दोन दिवसांवर आला, की विळ्यानं चार बोटं ठेवून सगळं साफ. पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत हिरवे कोंब. दोन-तीन वर्षांनी थव्याला मधोमध टक्कल पडतं, तेव्हा तो टिकावानं उपटायचा, कुऱ्हाडीनं चार फाका करायच्या, मधला मेलेला गड्डा फेकायचा आणि कडेचे तुकडे लावायचे. लाल जातीला रुजणारं बी जवळजवळ धरत नाही, त्यामुळे वाढवायची ती अशीच. हिरव्या फाउंटन ग्रासच्या वाटेला मात्र जाऊ नका. हवाई बेटांवर ते शोभेचं म्हणूनच गेलं, बी वाऱ्यावर उडालं, लाव्हाच्या माळांवर पसरलं, आणि आता तिथे वणवे पेटवतं.

पण माझं मन खरं जडलं ते रोशा नावाच्या गवतावर. गेल्या दिवाळीनंतर लामकानीला गेलो होतो. धुळे तालुक्यातल्या या गावानं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून उघडेबोडके डोंगर पुन्हा गवताखाली आणले. पवन्या, मारवेल उन्हात सोनेरी झाले होते. उताराला उभं राहून पाहिलं आणि माझ्या चार कुंड्यांची मला लाजच वाटली. परतीच्या वाटेवर पिंपळनेरकडच्या एका पाहुण्यांनी त्यांच्या बांधावरचा रोशाचा ठोंब दिला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुऱ्याला तांबूस झाक येते. दोन बोटांत चुरगळला की गुलाबाचा वास येतो, मागे थोडं लिंबू, थोडं तेल. आमच्या आजीच्या फडताळात गुडघ्याला चोळायची एक बाटली असायची, तिचा वास हाच, हे मला तो तुरा नाकाशी धरल्यावर कळलं.

आणि हा वास कुठवर गेला होता! १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरमध्ये रोशाच्या तेलाची नोंद आहे. पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या भागात फुलोऱ्यावर आलेलं गवत कापून भट्ट्या लागत. तेल मुंबईला जाई, तिथून तांबड्या समुद्रातल्या बंदरांतून इस्तंबूलला, आणि तिथून बल्गेरियाच्या गुलाबाच्या अत्तरात भेसळीला! युरोपात त्याला ‘तुर्की जिरेनियम’ असं नाव पडलं. म्हणजे डोंगर आमचे, घाम आमचा, नाव तुर्कांचं आणि गुलाब बल्गेरियाचा. गुलाबाच्या वासाला कारण असलेलं जिरेनिऑल रोशात भरपूर असतं, म्हणून ही लबाडी खपून जाई. आज माझा ठोंब फाटकाजवळ आहे. वासामुळे रस्त्यावरची गुरंही त्याला सहसा तोंड लावत नाहीत, धुळ्यात याहून मोठा गुण तो कोणता?

वाळ्याबद्दल दोनच ओळी. तो जमिनीत लावला तर मुळं काढायला विहीर खणावी लागेल. अर्धा कापलेला प्लॅस्टिकचा ड्रम घ्या, दीड वर्षानं आडवा पाडा, मुळं माठात. कुसळी मात्र घरात आणू नका. संध्याकाळच्या उन्हात फार देखणी दिसते, पण तिचं कुसळ ओल लागली की पीळ सोडत स्क्रूसारखं आत शिरतं. मोज्यातलं एक काढायला मला चिमटा लागला होता.

हे सगळं शहाणपण आल्यावरची गोष्ट. माहेरी पारोळ्याकडे भावाच्या कपाशीच्या बांधावर एक गवत दिसलं. मऊ लवेचा तुरा, निळसर पातं, ऐटबाज. कोणाला न विचारता गड्ड्यासकट पिशवीत घातलं आणि नळाजवळ लावलं. चार महिन्यांनी ते नळापासून जिन्यापर्यंत आलं. भावाला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन, आधी नुसतं हसणं. "ताई, हा कुंदा आहे! आमच्या आबांनी याच्यापायी उन्हाळेच्या उन्हाळे नांगर घातला, आणि तू घरी नेऊन पाणी घालतेस?" काळ्या रानातला शेतकरी ज्याच्या नावानं बोटं मोडतो, तो कुंदा मी पाहुण्यासारखा आणला होता. काका आले, त्यांनी कपाळाला हात लावला. दीड दिवस खणून हातभर खोलवरच्या काशा दोघांनी एकेक करून वेचल्या, उन्हात वाळवल्या आणि जाळल्या. मजुरी दीड दिवसाची झाली. निंदायला पैसे देतात म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.

परवा लाल गवत आणि रोशा दोन्ही कापून झाले. लाल गवताची पेंडी काका शेळ्यांना घेऊन गेले, जाताना म्हणाले, "बाजरीनी जात शे, खातीन." काल सकाळी नळ सोडायला गेले तर फरशीच्या फटीतून दोन निळसर पाती वर आलेली. टिकाव शेजाऱ्यांकडे आहे, तो आणायला हवा.