मान वर करा, मग खाली वाका



हाय स्ट्रीटवर चालताना तुम्ही कुठे बघता? काचेतल्या बुटांकडे, नाहीतर हातातल्या फोनकडे. मीही तेच करायचो. पण या शनिवारी जरा दुकानांच्या पाट्यांच्या वर बघा.

खाली कॉफीचं किंवा फोनचं दुकान असेल. वर मात्र पांढऱ्या दगडाची किंवा चकचकीत टाइल्सची भिंत, उंच खिडक्या आणि त्रिकोण-चौकोनांची नक्षी दिसली तर थांबा. काही ठिकाणी हत्तींची डोकीसुद्धा कोरलेली असतात! इमारत कोपऱ्यावर असेल तर ती ‘बर्टन’ या कपड्यांच्या कंपनीची असण्याची बरीच शक्यता आहे.

बर्टन म्हणजे कोण? त्यांचं मूळ नाव मेशे ओसिन्स्की. लिथुआनियातल्या एका ज्यू कुटुंबात 1885 साली त्यांचा जन्म झाला. तेव्हा लिथुआनियावर रशियाचं राज्य होतं आणि तिथे ज्यू लोकांचा छळ होत होता. 1900 साली हा मुलगा एकटाच इंग्लंडला आला. वय असेल जेमतेम पंधरा. पुढे त्याने चेस्टरफील्डमध्ये कपड्यांचं दुकान काढलं आणि मॉन्टेग्यू बर्टन हे नाव घेतलं.

त्यांची कल्पना साधी होती. साध्या कामगारालाही अंगाच्या मापाचा सूट परवडला पाहिजे. माप दुकानात घ्यायचं आणि सूट लीड्सच्या कारखान्यात शिवायचा. त्या कारखान्यात एके काळी 10,000 हून जास्त माणसं काम करत होती. 1952 साली बर्टन वारले, तेव्हा त्यांची 600 हून जास्त दुकानं होती.

दुकानं बांधायला कंपनीचे स्वतःचे वास्तुरचनाकार होते. खाली सूट विकायचे आणि वरचा मजला बरेचदा बिलियर्ड्स खेळायला भाड्याने द्यायचे.

आता खाली वाका. दाराजवळ, जमिनीलगत एखादा कोनशिलेचा दगड दिसतो का बघा. अशा अनेक दगडांवर बर्टन यांच्या मुलांची नावं आहेत: बार्बरा, स्टॅन्ली, रेमंड, अरनॉल्ड. मला हे फार आवडतं. जो मुलगा परक्या देशात एकटा आला, त्याने आपल्या मुलांची नावं गावोगावच्या रस्त्यांवर दगडात कोरून ठेवली.

2021 साली बर्टनची उरलेली दुकानं बंद झाली. आता या इमारतींचं काय करायचं? काही लोक म्हणतात, “जुनं पाडा, नवीन बांधा. लोकांना घरं हवीत.” घरं हवीत हे मलाही पटतं. जुनी इमारत दुरुस्त करायला खर्च येतो, हेही खरं. पण बिलियर्ड्सचे ते मोठे मजले आहेत ना? तिथे मोठ्या खिडक्या आहेत, भरपूर उजेड आहे. तिथेच घरं करता येतील. सगळं पाडलं तर सिमेंट, पोलाद नव्याने बनवावं लागतं आणि त्यातून हवेत कार्बन जातो. आणि तो कोनशिलेचा दगड? तो एकदा ढिगाऱ्यात गेला की गेलाच.

तुम्हाला वाटेल, “हा इंग्लंडचा इतिहास, आमचा काय संबंध?” अहो, तुमचे आईबाबाही दुसऱ्या देशातूनच आले ना! हा रस्ता जितका इतरांचा, तितकाच तुमचा.

इमारतीत मोठा बदल करायचा असेल, तर कौन्सिल अनेकदा जवळच्या खांबावर सूचना लावते. ती वाचा. त्यावर कोणीही आपलं मत कळवू शकतं, आईबाबांच्या मदतीने तुम्हीसुद्धा.

या आठवड्याचा अभ्यास: तुमच्या गावातली अशी एक जुनी इमारत शोधा आणि ती ठेवावी की पाडावी, यावर दहा वाक्यं लिहा. तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं असेल तर बिनधास्त लिहा. फक्त आधी तिथे जाऊन, मान वर करून बघून या.