किंमत लिहिलेली असावी

सोलापुरात चार पुतळ्यांपासून सात रस्त्यापर्यंत यंदा वर्षभर एक माणूस फलकांवर उभा होता. नाव दर महिन्याला वेगळे, सूट मात्र तोच. गालाशी माईक, हात वर आणि खाली ठळक अक्षरांत आश्वासन: एका रविवारात आयुष्य बदला. प्रवेशशुल्क बारीक अक्षरांत. या अंकाच्या संपादकाचा राग शुल्कावर नाही. लोक नाटकाला पैसे मोजतात, लावणीला मोजतात, मग घटकाभर टाळ्या वाजवायला लावणाऱ्या वक्त्यालाही खुशाल द्यावेत. राग आहे तो त्या भाषणांतून जे गाळले जाते त्यावर. यशाची गोष्ट रंगवून सांगितली जाते, पण ती कुणाला किती महागात पडली, याचा आकडा कधी येत नाही.

हे लोण पुढे संपादकाच्या टेबलापर्यंत पोचले. दिवाळी अंकासाठी आलेल्या टपालात कथा कमी आणि पहाटे पाचला उठण्याचे फायदे जास्त. सात सवयी, दहा सूत्रे, एकवीस दिवसांत इच्छाशक्ती. ज्या शहराच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायका पाणी भरून, डबे करून, पान कापायला बसतात तेव्हा पुरते उजाडलेलेही नसते, त्या शहरात पहाटे उठल्याने माणूस श्रीमंत होतो हे छापायचे धाडस संपादकाला झाले नाही.

2025 या वर्षाचा आढावा थोडक्यात. मे महिन्यात अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जीव गेले. जूनमध्ये गोव्याचे विमान उडाले. विमानसेवेची वाट पाहून थकलेल्यांनी ते गच्चीवरून पाहिले. सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळ्याची शेते नेली आणि पुण्याचा रस्ता अडवला. बाकीचे वाचकांना पाठ आहे. पुरात ज्याची जमीन खरवडून गेली, त्याच्याकडे सकारात्मक विचारांची टंचाई होती असे कुणी म्हणू नये, एवढेच.

उपदेशाचे मराठीला वावडे कधीच नव्हते. समर्थांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसे काढावे यावर आहे. लेखणी कशी असावी, शाई कशी असावी, समास किती सोडावा, पानाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत अक्षर एकसारखे कसे राहावे. शहाणपण शिकवणारा माणूस इतका खाली, थेट बोरूच्या टोकापर्यंत उतरतो. त्याच ग्रंथात मूर्खांची लक्षणे आहेत आणि शिकलेल्या मूर्खांची वेगळी आहेत. हा दुसरा समास वक्त्यांच्या बिदागीबरोबर जोडून पाठवायला हरकत नाही.

सोलापूरकराला यशाचे उदाहरण हवे असेल तर फार लांब जायला नको. वालचंद हिराचंद दोशी 23 नोव्हेंबर 1882 रोजी याच गावात जन्मले. व्याख्यानांत त्यांचे नाव हमखास येते आणि त्यांच्या नावापुढे तीन शब्द येतात: जहाज, विमान, मोटार. पडद्यावर तीन चित्रे, टाळ्या, पुढचा माणूस. मधल्या मजकुरात खरा वालचंद सापडतो, आणि तो पडद्यावर मावत नाही.

कॉलेज अर्धवट सोडलेला हा तरुण घरच्या व्यापारात रमला नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्याने रेल्वेची कंत्राटे घ्यायला सुरुवात केली. भांडवल आणि हिंमत एकाची, रेल्वेच्या कामाची आतली माहिती दुसऱ्याची. आपल्याला काय येत नाही हे ओळखून ते येणारा माणूस शेजारी बसवणे, ही वालचंदांची पहिली हुशारी. ती कोणत्याही सूत्रात येत नाही, कारण सूत्रात माणूस नेहमी एकटाच असतो.

मग 1919. नरोत्तम मोरारजींसारख्या भागीदारांबरोबर त्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांचे 'लॉयल्टी' हे जहाज घेतले आणि सिंदिया कंपनी उभी केली. 5 एप्रिल 1919 रोजी ते जहाज मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पाळणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते की ते जहाज चार वर्षांत भंगारात निघाले? लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपनीने भाडी पाडून सिंदियाची कोंडी केली, मग कंपनी विकत घ्यायची तयारी दाखवली. भागीदारांनी विकली नाही. पण 1923 साली त्यांनी जो करार पत्करला तो काही विजयपत्र नव्हता. दहा वर्षे परदेशी मार्गांवर जायचे नाही, किनाऱ्यावरच्या वाहतुकीतही ठरवून दिलेल्या मर्यादेत राहायचे. स्वदेशीचा झेंडा लावून निघालेल्या कंपनीला तो कडू घोट होता. कंपनी जगली ती या घोटामुळे. 'कधीही तडजोड करू नका' असे सांगणाऱ्या व्याख्यानात हा करार कुठे बसवायचा?

पुढचे प्रकरणही तसेच. 1939 साली पॅसिफिकवरच्या एका विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी गाठ पडली. योगायोगच तो, पण विमानाचा कारखाना डोक्यात आधीपासून नसता तर त्या योगायोगाच्या गप्पाच झाल्या असत्या. डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानच्या साथीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली आणि 1942 मध्ये युद्धाच्या रेट्यात सरकारने ती वालचंदांकडून घेतली. विशाखापट्टणमच्या गोदीची कोनशिला 21 जून 1941 रोजी राजेंद्रप्रसादांनी बसवली. तिथले पहिले जहाज 'जलउषा' पाण्यात उतरायला मार्च 1948 उजाडला, आणि वालचंद 1953 मध्ये गेले. पुढे ती गोदीही पूर्णपणे सरकारकडे गेली. म्हणजे ज्या तीन चित्रांवर टाळ्या पडतात त्यांतले एक तर दोन वर्षांत हातातून गेले आणि दुसऱ्याची सुरुवातच भंगारात निघाली. हे अपयश म्हणायचे की यश, हे ठरवताना संपादकाची लेखणी अजून अडते. वक्त्यांची जीभ मात्र अडत नाही.

दुसरे लाडके नाव डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचे. 1938 साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले ते एक. तिकडे असतानाच वडील गेल्याचे कळले, तरी ते परतले नाहीत. चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले, 1941 मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच वारले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. यशाच्या कुठल्याही बाजारी मापाने हा हिशेब तोट्याचा आहे. त्यांच्या फोटोशेजारी 'मोठी स्वप्ने पाहा' असे लिहिणाऱ्याने तो हिशेब निदान एकदा मांडून पाहावा.

मोठ्या नावांचे हे असे. पण सोलापुरात निर्णयाची परीक्षा रोज मागावर होते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी हातमाग चालवले, मग यंत्रमाग आले, जेकार्डची चादर घराघरात गेली. त्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले. तोवर पानिपतचा स्वस्त माल सोलापूरच्या नावाने बाजारात बसला होता आणि चादरीची मागणी घसरत होती. काहींनी वेळेवर टॉवेलकडे मोर्चा वळवला आणि निर्यातीत उतरले. काही चादरीलाच धरून राहिले. काहींनी माग भंगारात काढून मुलांना पुण्याला पाठवले. मेहनत तिघांचीही सारखी. शिस्त तर मागासमोर बसणाऱ्याला कुणी शिकवावी लागत नाही, धागा तुटला की तो दिसतो. तरी एक तरला, एक रखडला, एक उठला. सूत, वीज, बँकेचे व्याज, परदेशातली मागणी हे सगळे वगळून त्या रखडलेल्याला 'तुझी मानसिकता कमी पडली' असे सांगणे हा शुद्ध उद्धटपणा आहे, आणि तो तिकीट लावून केला जातो याचे संपादकाला जास्त वाईट वाटते.

आता एक उदाहरण जे कुठल्याच व्याख्यानात येत नाही. विडी कामगार बायकांच्या हक्काच्या घरांसाठी नरसय्या आडम, म्हणजे सगळ्यांचे आडम मास्तर, अनेक वर्षे झगडले. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीतून या बायकांनी स्वतःचा वाटा भरला, केंद्राचा आणि राज्याचा वाटा आंदोलने करून मिळवला, आणि 2006 मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. त्यानंतर मास्तरांनी रे नगरची तीस हजार घरांची योजना हातात घेतली. 9 जानेवारी 2019 रोजी तिची पायाभरणी पंतप्रधान मोदींनी केली. व्यासपीठावर मार्क्सवादी मास्तरांनी मोदींचे कौतुक केले आणि पक्षाने त्यांना तीन महिन्यांसाठी केंद्रीय समितीतून निलंबित केले. 19 जानेवारी 2024 रोजी पंधरा हजार घरे कामगारांच्या हाती आली.

मास्तरांचे राजकारण सगळ्यांना पटते असे नाही. संपादकालाही सगळे पटत नाही. पण विवेक म्हणून जे काही असते ते या प्रकरणात उघडे पडते. घर देणारे सरकार कोणत्या रंगाचे आहे, हे भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत विडी वळणाऱ्या बाईला किती काळ पाहत बसायला सांगायचे? दुसरीकडे, आयुष्यभर ज्या विचाराने उभे राहिलो त्याची लाज किती राखायची? दोन्ही प्रश्न खरे आहेत. उत्तर देणाऱ्याला एका बाजूने घरे मिळाली आणि दुसऱ्या बाजूने शिक्षा. ती त्याने सोसली, पक्ष सोडला नाही, योजनाही सोडली नाही. स्वतःवर ताबा म्हणतात तो पहाटेच्या गजरापेक्षा अशा तीन महिन्यांत जास्त लागत असावा.

तेव्हा या अंकाचा विषय 'निर्णय' ठेवला. दिवाळीशी त्याचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांसाठी पाडव्याच्या वहीपूजनाचा आधार आहे: नव्या वहीत जमेबरोबर नावेही लिहावी लागते. संबंध ओढून आणलेला आहे हे जुन्या वाचकांच्या लक्षात येईलच. त्यांनी याआधीही असे संबंध गोड मानून घेतले आहेत. लेखकांना अट एकच घातली होती. निर्णय सांगा, तो का घेतला ते सांगा, आणि कुणी काय गमावले तेही लिहा. अट ऐकून काहींनी लेख परत मागवले. जे उरले त्यांत एक डाळिंबाची बाग काढून टाकल्याची हकिगत आहे, एक बंद पडलेल्या दुकानाची आणि एक परदेशातली नोकरी सोडून आल्याची; शेवटच्या लेखकाला अजून आपण बरोबर केले की चूक हे ठरवता आलेले नाही, आणि त्याने ते तसेच लिहिले आहे.

अट संपादकालाही लागू होती. फलकांवरच्या त्या सूटवाल्यांपैकी एका कार्यक्रमाची मागच्या कव्हरची रंगीत जाहिरात आली होती, दरही चांगला होता. ती घेतली नाही. नंतर आलेली जाहिरात निम्म्या दराची निघाली, म्हणून अंक यंदा एका फर्म्याने पातळ आहे आणि एक दीर्घकथा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावी लागली. कथाकार रागावले आहेत.