संप त्यांचा, तिकीट तुमचे

विमानाचे तिकीट काढताना प्रवासी तारीख पाहतो, वेळ पाहतो, भाडे पाहतो. कंपनीचे आपल्या कर्मचाऱ्यांशी बरे चालले आहे की नाही, हे काही तो पाहत नाही. आणि पाहायचे म्हटले तरी ते कळण्याची त्याला सोय नसते. ते भांडण त्याला कळते ते थेट विमानतळावर, आपल्या उड्डाणासमोर ‘रद्द’ हा शब्द झळकल्यावर.

मे २०२४ मध्ये हेच घडले. एअर इंडिया एक्स्प्रेसच्या अनेक केबिन कर्मचाऱ्यांनी ७ मेच्या रात्रीपासून एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. पुढच्या दोन-तीन दिवसांत शंभराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. सर्वांत मोठा फटका बसला तो केरळमधून आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना. कोणाची रजा संपत आलेली, कोणाच्या व्हिसाची मुदत संपत आलेली. कंपनीने २५ जणांना कामावरून काढले. ९ मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर समझोता झाला आणि त्या सर्वांना परत घेण्याचे ठरले. मालक आणि कर्मचारी यांचे मिटले. प्रवाशाचा हुकलेला दिवस मात्र कोणत्याच समझोत्यात परत येत नाही.

अशा वेळी खिडकीपलीकडून ठरावीक उत्तर मिळते, “संप आहे, आम्ही तरी काय करणार?” निम्मे प्रवासी हे ऐकून निमूटपणे परत फिरतात. हे उत्तर अर्धे खरे आहे आणि अर्धे खोटे. कोणते अर्धे खरे, हे प्रत्येक प्रवाशाने घरून निघण्यापूर्वीच जाणून घेतले पाहिजे.

भरपाई वेगळी, परतावा वेगळा

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ऑगस्ट २०१० मध्ये प्रवाशांच्या सोयींबाबत नियम केले आणि पुढे त्यांत सुधारणाही केल्या. या नियमांनुसार, उड्डाण रद्द होणार असेल तर कंपनीने प्रवाशाला शक्यतो दोन आठवडे आधी आणि निदान २४ तास आधी तरी कळवले पाहिजे. तसे न कळवता उड्डाण रद्द केले, तर नुकसानभरपाई द्यावी लागते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये. किंवा एकेरी प्रवासाचे मूळ भाडे अधिक इंधन आकार. यांपैकी जी रक्कम कमी असेल ती.

मात्र कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या कारणांनी उड्डाण रद्द झाले, तर ही भरपाई द्यावी लागत नाही. पूर, दंगल, राजकीय अस्थैर्य, सरकारी आदेश यांच्या जोडीला या कारणांच्या यादीत ‘संप आणि कामगार तंटे’ हे शब्दही आहेत. खिडकीवरच्या उत्तराचा खरा अर्धा भाग तो हाच.

आता दुसरा अर्धा. ही सूट परताव्याला लागू होत नाही. तिकिटाचे पैसे परत मिळणे म्हणजे भरपाई नव्हे. ते प्रवाशाचे स्वतःचे पैसे आहेत. उड्डाण रद्द झाले, मग कारण काहीही असो, प्रवाशाला दोन गोष्टींतून निवड करता येते: दुसरे उड्डाण किंवा पूर्ण पैसे परत. निवड प्रवाशाची आहे, कंपनीची नाही. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर परतावा सात दिवसांत झाला पाहिजे. “रक्कम तुमच्या नावे जमा ठेवतो, पुढच्या प्रवासाला वापरा,” असे सांगण्यात येते, पण ते स्वीकारायचे की नाही हेही प्रवाशानेच ठरवायचे आहे.

शिवाय, उड्डाण रद्द झाल्याचे कळण्यापूर्वीच जो प्रवासी विमानतळावर येऊन पोहोचला आहे, त्याला पर्यायी विमान मिळेपर्यंत खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. उड्डाण रद्द न करता नुसते लांबवले, आणि उशीर २४ तासांहून अधिक झाला, तर गरजेप्रमाणे हॉटेलात मोफत राहण्याची सोय करावी लागते. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतले उड्डाण असेल, तर सहा तासांहून अधिक उशिरालाही हाच नियम लागू होतो. लहान मूल किंवा म्हातारे आईवडील बरोबर असतील, तर या सोयींचे मोल भरपाईच्या रकमेपेक्षाही जास्त वाटते.

‘संप’ म्हटले की सुटका?

यादीत संपाचा उल्लेख आहे, म्हणून प्रत्येक वेळी भरपाईवर पाणी सोडावे असेही नाही. नियमाची मूळ अट अशी आहे की, सर्व वाजवी उपाय करूनही जे टाळता आले नसते, असेच कारण कंपनीला पुढे करता येते. विमानतळावरील किंवा हवाई नियंत्रण कक्षातील संप कंपनीच्या हातात नसतो. स्वतःच्या वैमानिकांशी पगारावरून महिनोन्महिने भिजत पडलेले घोंगडे मात्र तिच्याच घरातले असते.

येथे आणखी एक मुद्दा उपयोगी पडतो. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे संपाची नोटीस दिल्यावर १४ दिवस उलटल्याशिवाय संप करता येत नाही. म्हणजे रीतसर संप असेल, तर कंपनीला त्याची चाहूल आधीच लागलेली असते. नोटीस हाती असताना तिकिटे विकणे चालूच ठेवले, प्रवाशांना मात्र ऐनवेळी कळवले, असे दिसले तर ‘सर्व वाजवी उपाय केले का?’ हा प्रश्न ग्राहक आयोगापुढे जरूर विचारता येतो.

युरोपात हा वाद न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकालही लागला. तेथे २००४ च्या नियमानुसार, उड्डाण ऐनवेळी रद्द झाल्यास अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई मिळते. अपवाद फक्त असाधारण परिस्थितीचा. २०१९ च्या एप्रिलअखेर एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीच्या वैमानिकांनी पगार आणि कामाच्या वेळा यांसाठी सात दिवस संप केला. चार हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. एका प्रवाशाचे भरपाईचे प्रकरण युरोपीय न्यायालयापुढे गेले. २३ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, कर्मचाऱ्यांशी पगाराचा वाद होणे हा कोणत्याही कंपनीच्या नेहमीच्या कारभाराचाच भाग आहे, त्यात असाधारण असे काही नाही. भरपाई दिलीच पाहिजे. याच न्यायालयाने २०१८ मध्ये जर्मनीच्या टुईफ्लाय कंपनीच्या प्रकरणातही तसाच कौल दिला होता. तेथे कर्मचाऱ्यांनी संपाची घोषणा न करता एकाच वेळी आजारी रजा घेतली होती.

हे निकाल भारतातल्या उड्डाणांना बंधनकारक नाहीत. पण मुलाकडे किंवा लेकीकडे युरोपात जाऊन येणाऱ्या आईवडिलांना त्यांचा थेट उपयोग आहे. कारण युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला तो नियम लागू होतो. पारपत्र कोणत्याही देशाचे असो आणि विमान कोणत्याही कंपनीचे असो. म्हणजे फ्रँकफर्टहून मुंबईला भारतीय कंपनीच्या विमानाने येणाऱ्यालाही तो हक्क आहे.

काय जपावे, कोठे जावे

तिकीट एजंटाकडून काढले तरी मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्यावा. संपर्काची माहिती नीट दिली नसेल, तर कंपनी भरपाईतून मोकळी होते, असे नियमच सांगतो. एजंटाच्या फोनवर आलेला निरोप तुमच्यापर्यंत पोहोचला नाही, तर दोष तुमच्या माथी येतो.

उड्डाण रद्द झाल्याचा संदेश पुसून टाकू नये. रद्द करण्याचे कारण लेखी मागावे. ई-मेलवरचे उत्तरही पुरते. जेवणखाण, टॅक्सी, मुक्काम यांच्या पावत्या ठेवाव्यात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची जोड-तिकिटे स्वतंत्र काढली असतील, तर पहिले विमान रद्द झाल्यामुळे हुकलेल्या दुसऱ्या विमानाची जबाबदारी सहसा कोणी घेत नाही. लग्न, परीक्षा किंवा व्हिसाची शेवटची तारीख असेल, तर संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा आणि हाताशी निदान एक दिवस राखून ठेवावा.

तक्रार प्रथम कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी करावी. तेथे दाद लागली नाही तर सरकारच्या ‘एअरसेवा’वर नोंदवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले म्हणून इंदूरच्या किंवा बेळगावच्या ग्राहकाने तेथे खेटे घालण्याचे कारण नाही. मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्कही पडत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ती मात्र विसरू नये.

संप करणाऱ्यांचे गाऱ्हाणे खरेही असू शकते. थकलेल्या वैमानिकाने विमान चालवू नये, हे तर प्रवाशाच्याही हिताचे आहे. तेव्हा विमानतळावर दिसेल त्या कर्मचाऱ्यावर राग काढून काही साधत नाही. तिकीट विकले आहे कंपनीने, पैसे घेतले आहेत कंपनीने. हिशेबही तिच्याकडेच मागायचा; शांतपणे, लेखी आणि मुदतीच्या आत.