‘ती’ गुलदार वेगळी

मा. संपादक,

निवती रॉकजवळच्या समुद्राखालील संग्रहालयासाठी निवडलेली ‘आयएनएस गुलदार’ १९७१च्या युद्धात लढली, हे आपल्या लेखातील विधान चुकीचे आहे. ही नौका १९८५ साली पोलंडमधील ग्डिनियात नौदलात दाखल झाली आणि जानेवारी २०२४मध्ये पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाली. डिसेंबर १९७१मध्ये कॉक्स बाजारच्या मोहिमेत होती ती त्याच नावाची आधीची नौका. सोबत ‘घडियाल’ ही नौकाही होती.

ती मोहीम लेखात म्हटली तशी ‘निर्विघ्न’ही नव्हती. किनाऱ्याच्या उताराचा अंदाज चुकला, खोल पाण्यात उतरलेले गुरखा जवान बुडाले. हा इतिहास झाकल्याने त्यांचा सन्मान होत नाही. संग्रहालयाच्या फलकावर दोन्ही नौकांची स्वतंत्र नोंद हवी. आपणही दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)