उपराष्ट्रपतीची निवड : शेतकऱ्याला त्याचे काय?

९ सप्टेंबर २०२५ रोजी देशाच्या उपराष्ट्रपतीपदाची निवडणूक झाली. तेव्हा महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले सी. पी. राधाकृष्णन यांना ४५२ मते पडली, तर माजी न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी यांना ३००. जगदीप धनखड यांनी २१ जुलैला मुदतीआधीच राजीनामा दिल्याने ही निवडणूक लागली. ‘ते शोभेचे पद, आपल्या भाताला-आंब्याला त्याचे काय?’ असे गावात सहज म्हटले जाते. पण तसे नाही.

आधी निवड कशी होते ते पाहू. सरपंच आपण थेट निवडतो, उपसरपंच मात्र सदस्य निवडतात. उपराष्ट्रपतीचेही काहीसे तसेच. लोकसभा आणि राज्यसभेचे सर्व खासदार, राष्ट्रपतींनी नेमलेलेसुद्धा, मत देतात. राष्ट्रपती निवडताना आमदारांना मत असते, इथे नसते. म्हणजे आपल्या जिल्ह्याचे पाचही आमदार यात बाजूलाच. आपल्यातर्फे लोकसभेतून मत देणार ते रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि, दापोली-गुहागरकडच्या लोकांसाठी, रायगडचे खासदार. मतपत्रिकेवर पसंतीचा आकडा लिहायचा, मतदान गुप्त. एवढे सोपे असून या खेपेस १५ मते बाद झाली! तेव्हा ग्रामपंचायतीला एखाद्या आजीचे मत बाद झाले, तर हसू नये.

आता काम. राष्ट्रपतींची जागा रिकामी झाली तर नवी निवड होईपर्यंत कारभार उपराष्ट्रपती पाहतात. १९६९ साली झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर व्ही. व्ही. गिरी यांनी तो पाहिला. पण रोजचे काम वेगळेच आहे. घटनेच्या ६४व्या कलमाप्रमाणे उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे सभापती असतात. स्वतःचे मत त्यांना फक्त समसमान मते पडली तरच. तरीही कोणाला बोलू द्यायचे, मतदान कसे घ्यायचे, हे ठरते त्या खुर्चीवरून.

त्या खुर्चीचे वजन २० सप्टेंबर २०२० रोजी दिसले. तीनपैकी दोन कृषी विधेयके राज्यसभेत त्या दिवशी आवाजी मतदानाने मंजूर झाली. खुर्चीवर उपसभापती हरिवंश होते. विरोधकांनी मते मोजण्याची मागणी केली, ती झाली नाही. मागणी करणारे सदस्य जागेवर नव्हते, असे कारण देण्यात आले. उपसभापतींवरील अविश्वासाची नोटीस दुसऱ्या दिवशी सभापती व्यंकय्या नायडू यांनी फेटाळली आणि आठ सदस्य निलंबित झाले. पुढे शेतकऱ्यांचे आंदोलन वर्षभर चालले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घ्यावे लागले.

कायदे चांगले की वाईट, यावर मतभेद असतील. पण मोजणी झाली असती तर कोणाचा खासदार कुठे उभा होता, ते शेतकऱ्याला कळले असते. म्हणून खासदार गावात आले की विम्याबरोबर हेही विचारावे. आणि सरपंच, ग्रामसेवक मंडळींनीही लक्षात ठेवावे : ग्रामसभेत कोणी मोजणी मागितली, तर हात मोजावेत आणि आकडा इतिवृत्तात लिहावा. वाद तिथेच मिटतो.