आधी जाकीट, मग नकाशा

मंडळी, आजचा विषय पाहून तुम्हाला हसू येईल. कुर्डुवाडीसारख्या जंक्शनच्या गावात बसून हा म्हातारा होडीवरच्या यंत्राबद्दल काय लिहिणार? पण आमच्या माढा तालुक्यातच उजनीचं धरण आहे. भीमेचं पाणी अडवून १९८० साली ते पूर्ण झालं आणि दुष्काळी मुलखाला समुद्र मिळाला. आता त्या समुद्रावर हौशी होड्या आल्या आहेत. कुणी भिगवणकडे रोहित पक्षी बघायला होडी घेतो, कुणी शेताला लागून पाणी आहे म्हणून घेतो. माझ्या हाताखालून गेलेले दोघं-तिघं त्यात आहेत. त्यांचा फोन येतो तो एकाच प्रश्नासाठी: "सर, तुम्ही भूगोल शिकवायचा. चार्टप्लॉटर कोणता घेऊ?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार्टप्लॉटर म्हणजे होडीवरचा छोटा पडदा. उपग्रहांवरून आपली जागा कळते आणि ती पाण्याच्या नकाशावर टिंबासारखी दिसते. खोली, खडक, दिवे, परतीची वाट, सगळं त्यात. वस्तू उत्तम आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. माझं भांडण आहे ते खरेदीच्या क्रमाशी. पडदा सात इंची की नऊ इंची यावर महिनाभर चर्चा करणाऱ्या माणसाला मी विचारतो, जाकिटं किती घेतलीस? तेव्हा पलीकडून उत्तर येतं, "घेऊ की सर, त्याला काय लागतंय!"

हेच मला सहन होत नाही.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ आठवा. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यात लेकरंही होती. एक जण पोहत काठाला लागला. त्या बोटीला आपण कुठे आहोत हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. हा काठ दिसत होता, तो काठ दिसत होता. जागा कळण्यात अडचण नव्हतीच. अडचण होती ती वाऱ्याची. वळिवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ कसं पालटतं हे आपल्याकडे गुराखी पोरालाही कळतं. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, तीही भर दिवसा. तिथेही कुणी वाट चुकलं नव्हतं. पाण्यावरचं मरण फार वेळा वाट चुकल्यामुळे येत नाही. ते अंगावर जाकीट नसल्यामुळे येतं.

आता यंत्राच्या बाजूने बोलणारे म्हणतील, "सर, अंधार पडला, धुकं आलं, तर?" मुद्दा बरोबर आहे. कोकणात, खाडीच्या तोंडाशी, रात्री परतताना हे यंत्र जीव वाचवील. पण तिथे नकाशा खरा आहे. डेहराडूनला नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय आहे, तिथे समुद्राचे अधिकृत नकाशे तयार होतात. शिवाय समुद्राच्या नकाशावरची खोली ओहोटीच्या नीचतम पातळीपासून मोजलेली असते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी छापता येतं. उजनीचं वेळापत्रक कोण छापणार?

थोडं गणित करू. धरण पूर्ण भरतं तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर, आणि आपण ज्याला 'शून्य टक्के' म्हणतो तेव्हा ४९१.०३. फरक ५.८० मीटरचा. म्हणजे भरल्या धरणात जिथे सहा मीटर पाणी, तिथे शून्य टक्क्यांच्या दिवशी वीतभर! आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तर साठा उणे पन्नासच्याही खाली गेला होता. त्याच पावसाळ्यात धरण पुन्हा भरलं. पडद्यावरचा आकडा कोणत्या दिवसाचा, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. त्यात वाळूउपशाने तळ बदललेला, पाणी उतरेल तशा पुढे सरकणाऱ्या शेतकऱ्यांच्या मोटारी, पाइप, केबली, मच्छीमारांची जाळी, बुडालेल्या गावांच्या विहिरी आणि भिंती. पळसदेवचं देऊळ पाणी उतरलं की डोकं वर काढतं, ते सगळे कौतुकाने बघायला जातात. ते देऊळ पाण्याखाली हातभर असताना त्यावरून होडी नेणाऱ्याला मात्र कौतुक वाटणार नाही.

आणि नकाशा खरा असला तरी बघणारा डोळा लागतोच. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकन नौदलाची 'गार्डियन' नौका फिलिपिन्सजवळ तुबताहाच्या प्रवाळावर चढली, कारण डिजिटल नकाशात प्रवाळ कित्येक मैल चुकीच्या जागी होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली 'वेस्टास विंड' हिंदी महासागरात खडकांवर आदळली. नकाशा पुरेसा मोठा करून न पाहिल्याने धोका नीट दिसलाच नव्हता. ही कसलेली माणसं होती हो! आपण तर रविवारचे खलाशी.

आमच्या गावाला हे नवं नाही. एकेरी लोहमार्गावर टोकनचा गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. इंजिन कितीही ताकदीचं असो, आधी गोळा, मग वाफ. सुरक्षितता यंत्रात नसते, क्रमात असते.

म्हणून माझा क्रम सांगतो. पहिलं, जितकी माणसं तितकी जाकिटं, मुलांना मुलांच्या मापाची, आणि ती डिकीत ठेवायला नव्हे, अंगात घालायला. दुसरं, होडीची नोंदणी आणि तपासणी. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ साली नवा झाला आहे, इंजिनाच्या होडीला तो लागू आहे. तिसरं, हवामान बघून नाही म्हणायची हिंमत. चौथं, खोली मोजणारं यंत्र. ते आवाजाच्या लहरी तळाकडे पाठवून आज, आत्ता, होडीखाली किती पाणी आहे ते सांगतं. उजनीवर याची किंमत नकाशापेक्षा जास्त.

आणि पाचवं, तुमचा लाडका चार्टप्लॉटर. तो घेताना पैसे देण्याआधी एकच विचारा: यात माझ्या पाण्याचा नकाशा आहे का? नसेल तर खोलीमापक जोडून स्वतःचा नकाशा नोंदवता येतो असा घ्या, आणि नोंद करताना त्या दिवसाची धरणाची पातळी वहीत लिहा. पडदा उन्हात वाचता यावा, ओल्या हाताने चालावीत अशी बटणं असावीत. परदेशातल्या पाहुण्याकडून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मात्र मागवू नका. सरकारी परवानगीशिवाय ते बाळगलं तर आपल्याकडे पोलीस दारात येतात.

ज्याला चार जाकिटांचे पैसे जड वाटतात त्याने होडी घेऊ नये. काठावर बसावं आणि पक्षी बघावेत. ते तिथूनही छान दिसतात.