कोऱ्या पाकिटाचा न्याय
संगणक सुरू करताच प्रथम जागा होतो तो फर्मवेअर हा त्याचा मूळ प्रोग्रॅम. कोणत्या डिस्कवरून आरंभ करावा, इत्यादी नोंदी तो कायमच्या स्मृतीत ठेवतो. लिनक्समध्ये २०१३ पासून अशी प्रत्येक नोंद स्वतंत्र फाइल म्हणून दिसते. पहिले चार बाइट तिचे गुणधर्म सांगतात, पुढे मजकूर. दोन्ही एकाच दमात लिहावयाचे. नुसते गुणधर्म पोहोचले, तर फर्मवेअर सहसा ती नोंद पुसूनच टाकते! कोरे पाकीट आले म्हणून जुने पत्र जाळावे, तसला हा न्याय. नोंदी पुसल्या गेल्याने काही लॅपटॉप सुरूच होईनासे झाले, हे २०१६ साली उघड झाले होते.

आता १९८३ च्या बर्कले युनिक्सपासून एक सोय आहे: स्मृतीत विखुरलेले तुकडे एकाच आज्ञेने लिहिता येतात. परंतु फाइलव्यवस्थेत ती नसेल, तर लिनक्सचा गाभा एकेक तुकडा मुकाट्याने वेगळा धाडतो. पहिला तुकडा चार बाइटांचाच असला, की नोंद गेलीच. यास्तव फाइलव्यवस्थेनेच सर्व तुकडे आधी जुळवून मग फर्मवेअरच्या हाती द्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. जेथे ही तरतूद नाही, तेथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते स्वतः जुळवावेत.